गाव पलीकडं जायचं म्हणतंय

१ मार्च
आज बंधाऱ्याचे दरवाजे उघडले. दरवर्षी याच तारखेला पलीकडच्या राज्याचा वाटा सोडतात, त्यात नवीन काही नाही. पण पावसाळा कोरडा गेलेला, आपला हापसा अर्धा तास हलवला की एक घागर देतो. त्यामुळं यंदा अख्खं गाव काठावर. लेक सासरी निघाल्यासारखं सगळे बघत उभे. बघायचं नाही असं ठरवून मी गेले अन् शेवटपर्यंत बघत बसले.

सरपंच बालाजीराव मोठ्यानं म्हणाले, "पाणी तिकडं चाललंय. मग आपणच कामून ऱ्हायचं इकडं?" लोक हसले.

हे हसले नाहीत. हे तिकडच्या राईस मिलवर कामाला. वीस वर्षं झाली, रोज सकाळी सायकलवर हद्द ओलांडायची अन् दिवस मावळता परत. येताना वाटेत म्हणाले, "बालाजीराव खरं बोलून राहिले."

मी म्हटलं, खरं असतं तर बालाजीराव बोललेच नसते.

६ मार्च
हापसा पूर्ण बंद. टँकर दिवसाआड येणार म्हणतात, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी. बायका मला धरतात. "शोभाताई, तुमी मेंबर हाव ना?" हाव बाई, मेंबर हाव, ढग न्हाई.

पौर्णिमाचा फोन. लातूरला क्लास जोरात चाललाय, तलाठी भरतीची तयारी. तिथली खोलीवाली मावशी म्हणे सारखी ऐकवते, आमच्या लातूरला तर रेल्वेनं पाणी आलं होतं. पोरगी म्हणते, "मम्मी, आपल्याला नुसता टँकर. आपण लहान माणसं."

निबंध दिलाय तिला. ब्रिटननं युरोपच्या संघातून बाहेर पडावं का. दोन्ही बाजू लिहायच्या. मी विचारलं, तुझी कोणती? "परीक्षेत आपली बाजू नसते मम्मी, दोन्हीला सारखे मार्क." फोन ठेवल्यावर बराच वेळ तेच डोक्यात.

११ मार्च
हद्दीवरच्या गावांची बैठक झाली. आमच्याकडून बालाजीराव गेले होते. परत आले ते चार बोटं उंच होऊन. आता चेष्टा नाही म्हणतात. सगळ्या गावांनी ठराव करायचा की आम्हाला महाराष्ट्रातून काढा, तेलंगणात घाला.

सासूबाई ओसरीवर पाय पसरून ऐकत होत्या. म्हणाल्या, "माझ्या लग्नात समदं एकच होतं. निजामाचं. मी कुठं बी गेले न्हाई, शीवच उठून गेली."

त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू. नांदेडला ऑपरेशनची तारीख दोनदा हुकली. एकदा बस चुकली, एकदा डॉक्टर.

२० मार्च
बालाजीरावांनी जीपमध्ये घालून मेंबर लोकांना पलीकडं दाखवून आणलं. बाकी दोघी मेंबरणींचे नवरे आले, त्या स्वतः नाही. मेंबरीण त्या, सही त्यांची, चहा नवऱ्यांचा. माझी मी गेले. हे मिलवरून येऊन भेटले.

नवा जिल्हा झालाय त्यांच्यात. कार्यालयाला रंग ताजा. आपल्याला नांदेड म्हणजे दिवस मोडतो, त्यांचं तासाभरात होऊन घरी जेवायला. रस्ता असा की जीपमध्ये डुलकी लागली. सासूबाईंच्या धाकट्या बहिणीकडं गेलो. अंगणात नळ. मावशीनं तोटी सोडली अन् पाणी आलं. मी ओंजळ धरली, प्याले, तोंडावर मारलं, परत प्याले. मावशी हसायला लागली. मला रडू आलं, का ते माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. लाज वाटली की आपल्याला नळाचं रडू यावं.

मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन कधीच झालंय. सासूबाईंसाठी तिनं भात बांधून दिला.

मग कार्यालयात. बालाजीराव आत गेले, मी भिंतीवरची पाटी बघत बसले. पाटी तेलुगूत. गोल गोल अक्षरं, सुंदर आहेत. एकही कळेना. टेबलावरचा कागद उचलला, तेच. एका बाईनं मला काहीतरी विचारलं, मी मान हलवली. ती हळू बोलायला लागली, बहिऱ्याशी बोलावं तसं. बारावी शिकलेली मी. बचत गटाचं सगळं लिखाण माझ्याकडं. वस्तीतल्या निम्म्या बायकांना सही मी शिकवली. अन् तिथं मी अंगठेबहाद्दर.

ह्यांनी पाटी वाचून दाखवली. किती सहज वाचली! येताना म्हणाले, "शिकशील की. मी शिकलो."

२६ मार्च
मासिक सभा. विषय: टँकर, दिवाबत्ती, शाळेच्या छताचे पत्रे, ऐनवेळी येणारे विषय. हजेरीची सही केली. टँकरवर भांडण, एक तास. चहा. बाकी काही नाही.

३ एप्रिल
मिलवरून हे आज दुपारच्या आतच परत आले, वाटेत धर्माबादला घेतलेला पेपर हातात. तोंडभर हसू. असं हसू मी पौर्णिमाच्या दहावीच्या निकालाला बघितलं होतं.

आतल्या पानावर बातमी. आमच्या ग्रामपंचायतीनं एकमतानं ठराव केला की गाव तेलंगणात घालावं. सूचक सरपंच. अनुमोदक सदस्या श्रीमती शोभाबाई.

मी दोनदा वाचलं. नाव माझंच.

"घरात काही बोलली न्हाईस! मिलवर समद्यांना दाखवलं. मुनीम म्हणाला, अब तू हमारा." हे सांगत होते अन् मी पेपर धरून उभी. ह्यांना तिथं अजून मराठोडु म्हणतात. मराठीवाला. वीस वर्षं पोती उचलून, मिस्त्री होऊन, त्यांच्यासारखं तेलुगू बोलूनसुद्धा. ह्यांनी हे कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही, हसत सांगतात. आज कळलं हसत का सांगतात ते.

माझ्याच्यानं सांगवेना की मी असं काही केलेलं नाही.

दुपारी
ग्रामपंचायतीत जाऊन प्रोसिडिंग बुक मागितलं. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी दिलं. २६ तारीख. ऐनवेळी येणारे विषय. त्याखाली ठराव, सुबक अक्षरात, पान भरून. शेवटी सह्या. माझी सही खरी.

आमच्यात हजेरीची सही आधी घेतात. दोन पानं कोरी सोडून खाली सह्या, मजकूर भाऊसाहेब मागाहून सावकाश लिहितात. तीन वर्षं असंच. सगळे करतात म्हणून मी पण करते. दिवाबत्ती अन् गटारीत काय फरक पडणार होता!

बचत गटात प्रत्येक बैठकीला मीच ओरडते, बायांनो, वाचल्याशिवाय सही करू नका. देवाच्या जागी मी भिंतीवर ते लिहून ठेवलंय. आता त्या भिंतीकडं पाठ करून बसले आहे.

४ एप्रिल
पौर्णिमाला बातमी मोबाईलवर पोचली. तिचा फोन. "मम्मी, तू?"

मी म्हटलं, झालं तसं.

"झालं तसं म्हणजे? मी उद्या तलाठी झाले तर नांदेड जिल्ह्याची म्हणून होईन. गाव तिकडं गेलं तर मी कुठली? दाखला कुठला? सगळं परत शून्यापासून? अन् परत तेलुगूत?"

मी हळू सांगितलं की वाचलं नव्हतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "तिकडं ब्रिटनमध्ये निदान मतं मोजली. आपल्यात सहीच मोजली."

दिवसभर कामात लक्ष नाही. भाकरी करपली. सासूबाई करपलेली खाऊन छान म्हणाल्या, म्हणजे त्यांनाही काहीतरी कळलंय.

९ एप्रिल
ह्यांना अजून सांगितलं नाही. रोज सांगायचं ठरवते. रोज हे मिलवरची नवीन गोष्ट घेऊन येतात. आज मालकानं खुर्ची दिली बसायला. ह्यांनी ती खुर्ची कशी होती ते पण सांगितलं. निळी, हातांची.

१४ एप्रिल
जयंती. मिरवणूक यंदा लवकर आटपली, नाचणाऱ्यांना पाजायला पाणी नाही. मंडपात बसलो तर विषय तोच. देशातलं काही नाही, जगातलं काही नाही, गाव जातंय का राहतंय.

वस्तीतले थोरले दादाराव उठले. सत्तरीचे, शाळेत शिपाई होते. "तिकडं आपल्या पोरांना आपली पुस्तकं मराठीत मिळतील का? आपण मराठीतनं माणसात आलो."

हे बसल्या जागेवरून म्हणाले, "दादा, घटना तर एकच हाय. ती इकडं बी तीच अन् तिकडं बी तीच. मग भ्यायचं कामून?"

टाळ्या पडल्या. दादारावांना पण पडल्या होत्या. आमच्या लोकांचं हे बरं, दोन्ही बाजूंना टाळ्या. मग दादारावांनी माझ्याकडं वळून विचारलं, "शोभा, तू सही केलीस. तूच सांग, काय बघून केलीस?"

सगळी वस्ती माझ्याकडं बघते आहे. हे तर छाती फुगवून. मी म्हटलं, नळ बघून.

खोटं. पण पूर्ण खोटंही नाही, हीच तर पंचाईत आहे. मी खरंच वाचून, विचार करून सही केली असती तर कदाचित हीच केली असती. कदाचित नसती. माझा निर्णय मला घ्यायलाच मिळाला नाही, कुणीतरी परस्पर घेऊन मोकळं झालं. राग त्याचा आहे.

१७ एप्रिल
तहसीलमधून पत्र. मासिक सभेचा ठराव चालत नाही, ग्रामसभेचा लागतो. ग्रामसभा एक मे. महाराष्ट्र दिनी झेंडा लावायचा अन् लगेच खाली बसून महाराष्ट्र सोडायचा. पौर्णिमाला सांगितलं तर पहिल्यांदा हसली. जरा बरं वाटलं.

१९ एप्रिल
आज सांगितलं ह्यांना. सायकलचं पंक्चर काढत होते, मी शेजारी परातीत पाणी धरून. वाया जाऊ नये म्हणून तेच पाणी नंतर म्हशीला. म्हटलं, मी तो ठराव वाचला नव्हता. हजेरीची सही केली होती.

ट्यूब दाबत होते पाण्यात. बुडबुडे बघत म्हणाले, "म्हणजे तुला जायचं न्हाई."

"मला माहीत नाही."

"पंधरा दिवस मी गावभर सांगत फिरून राहिलो की माझ्या बायकोनं..." पंक्चर सापडलं. ठिगळ लावलं. सायकल उभी करून नुसतीच घंटी वाजवून बघितली अन् निघून गेले पायीच.

त्यांना फसवल्यासारखं वाटलं असणार. मला पण तसंच वाटतंय. दोघांनाही फसवलं अन् फसवणारा चहा पिऊन गेला.

२२ एप्रिल
गेले बालाजीरावांच्या दारात. त्यांनी खुर्ची दिली, हे मान्य करायला हवं. त्यांच्या वडलांनी आमच्या सासऱ्यांना दिली नसती.

विचारलं, माझं नाव अनुमोदक म्हणून कुणाला विचारून घातलं?

"ताई, चिडू नका. सूचक आमच्या गल्लीचा, अनुमोदक तुमच्या वस्तीचा. अर्ध्या गावाचा ठराव म्हणून वर कुणी फेकून देऊ नये. मी तुमचा मानच केला."

मान न विचारता करत नाहीत, मी म्हटलं.

मग ते पुढं झुकले, आवाज खाली. "तुम्हाला खरं सांगतो. कुठं जात न्हाई गाव. असं राज्य बदलायला जिंदगी जाते. पण सरकार भ्यालं की पाणी येतंय. रस्ता येतंय. ही धमकी हाय, दुसरं काय न्हाई."

"आमच्या घरच्यांना तर खरंच जायचंय."

"ते साधे हायत."

इतका राग आला! साधे म्हणे. ज्या माणसाला खरंच जायचंय तो साधा, अन् ज्याला जायचंच नाही तो पुढारी. मी उठले. मागून म्हणाले, "ताई, तुमचं नाव नसलं तर मी हा कागद पुढं नेणार न्हाई. फाडून टाकीन. मग टँकरची वाट बघत बसू समदे. तुमच्यावर सोडतो."

सोडतो म्हणजे गळ्यात बांधतो.

२३ एप्रिल
पौर्णिमाला धमकीचं सांगितलं. म्हणाली, "मम्मी, तिकडं पण लई जणांनी असंच मत दिलं होतं. सरकारला जरा हिसका म्हणून. कुठं खरं होतंय असं वाटलं. अन् झालं. आता अजून निघूनच राहिले ते, दाराबाहेर येईनात."

निबंधात किती मार्क पडले विचारलं. दहापैकी सहा. सरांनी लिहिलंय, दोन्ही बाजू उत्तम, निष्कर्ष नाही.

आईवर गेली पोरगी.

२९ एप्रिल
ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. उद्या बुद्धपौर्णिमा, सुट्टी, म्हणून आजच घेतली. एरवी या सभेला पाच बायका अन् पाच मिनिटं. आज शाळेचा वर्ग भरला. मी भाऊसाहेबांकडून बुक घेतलं अन् ठराव मोठ्यानं वाचला. एक महिना गावात या ठरावावर डोकी फुटायची बाकी होती अन् तो आज पहिल्यांदा कुणीतरी वाचला.

"सर्व ग्रामस्थ एकमताने" आलं तशी गंगाबाई म्हणाली, "थांब थांब. एकमताने म्हंजी आमी बी त्यात हाव का?"

हाव.

"मला तर कुणी इचारलं न्हाई माय."

मग सगळ्या एकदम. राजव्वाचं माहेर तिकडचं. तिला सगळ्यांनी पकडलं. ती म्हणाली, "मला काय, माहेर-सासर एका राज्यात यील, बरंच हाय. पण तिकडं बी नळाला रोज पाणी नसतंय. तुमी गेलता त्या दिवशी होतं."

एक जण म्हणाली, धर्माबादचा मिरचीचा बाजार इकडंच राहील, मग आपल्याच बाजाराला आपण परक्या. दुसरी म्हणाली, बाजाराला कुणी परकं नसतं, पैसा लागतो. एकीचं बाळंतपण तिकडच्या दवाखान्यात चांगलं झालं होतं, ती ठाम, जायचंच. तिच्या जावेला शाळेची फिकर. मुलगा पाचवीत, एकदम तेलुगू कसं करंल?

मी नुसती ऐकत होते. प्रत्येकीचं पटत होतं. एकीचं पटलं की दुसरी बोलायची अन् तिचं पटायचं. शेवटी हात वर करायला सांगितले तर गंगाबाई म्हणाली, "परवा करू. मालकाला काय वाटतंय ते बघून." लगेच जीभ चावली. सगळ्या हसल्या, मी पण हसले अन् मग हसू गेलं. मीही गेले महिनाभर तेच करते आहे. ह्यांचं तोंड बघते, पोरीचा आवाज ऐकते. माझं काय आहे?

१ मे
सकाळी झेंडा. महाराष्ट्राचं गाणं लागलं स्पीकरवर. दादाराव ताठ उभे, डोळे ओले. हे पण आले होते. माझ्याशी बोलतात आता, पण कामापुरतं. पीठ संपलं, टँकर आला, असं.

सभा दहाला. शंभर माणूस लागतं, दीडशे होतं. भाऊसाहेबांनी विषय काढला तशी मी उठले. म्हटलं, "ठरावावर माझं नाव अनुमोदक म्हणून आहे. मी तो न वाचता सही केली. चूक माझी. बायकांना वाचा म्हणून सांगते अन् मीच वाचलं नाही. आज तो सगळ्यांसमोर वाचा अन् मग हात मोजा."

कुजबूज. कुणीतरी मागून, "आता कामून पलटी मारून राहिली?" मी ह्यांच्याकडं बघितलं नाही.

भाऊसाहेबांनी वाचला. बालाजीराव बोलले, चांगलं बोलले, बंधाऱ्याचं पाणी डोळ्यांसमोर उभं केलं. दादाराव बोलले. त्यांना मराठी सोडवत नाही अन् ते सांगताना त्यांना शब्द सापडत नव्हते. मग बालाजीराव म्हणाले, "जायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

हात वर जायला लागले. भाऊसाहेब बोट करून मोजायला लागले. आठ, नऊ, दहा. एवढ्यात टँकरचा हॉर्न.

आधी बायका उठल्या, मग पोरं, मग धोतराचा सोगा धरून म्हातारे. वर केलेला हात तसाच वर धरून एक जण पळाला. दोन मिनिटांत मंडप मोकळा. बालाजीरावांची बायको सगळ्यांच्या पुढं, दोन घागरी. मी पण गेले. खोटं कशाला लिहू? माझी घागर सकाळपासून रांगेत होती.

परत आलो तर पंधरा-वीस माणसं. भाऊसाहेब म्हणाले, गणपूर्ती नाही, सभा तहकूब. आठ तारखेला परत.

बालाजीराव वह्या आवरता आवरता मला म्हणाले, "तहकूब सभेला गणपूर्ती लागत न्हाई ताई. चार माणसं बसली तरी ठराव होतंय. सूचक पायजे अन् अनुमोदक पायजे."

४ मे
चार माणसं. त्यात मी एक.

झोप नीट नाही. जेवताना चिडते. काल बचत गटाची बैठक आमच्याच घरी झाली अन् भिंतीवरच्या माझ्याच अक्षरांवर डोळे अडकले. कोपऱ्यातला खडू घेऊन खाली लिहिलं, मी पण. बायका हसल्या. कुणीतरी विचारलं, "आता काय करणार गं?" सगळे एवढंच विचारतात. कुणी सांगत नाही.

सही केली तर: सासूबाईंचा डोळा, मावशीचा नळ, ह्यांची निळी खुर्ची. नाही केली तर: पोरीचा दाखला, दादारावांची पुस्तकं, मी अन् माझी अक्षरं. अन् हे सगळं खरं होईल तेव्हा होईल, किंवा होणारच नाही, अन् नुसतीच एक सही राहील बुकात.

६ मे
संध्याकाळी हे ओसरीवर बसून पाटीवर काहीतरी काढत होते. पौर्णिमाची लहानपणची पाटी, कुठून शोधली काय माहीत. मला दिली. तेलुगूत दोन अक्षरं. "हे तुझं नाव. शो अन् भा." मी बोटानं गिरवलं. चांगलं आलं.

म्हणाले, "तुला तेलुगू जमत न्हाई म्हणून न्हाई म्हणू नको. अन् मला वाईट वाटंल म्हणून हाव म्हणू नको. मी रागावलो ते तू न्हाई म्हणशील म्हणून न्हाई. तू मला सांगितलं न्हाईस म्हणून."

पाटी पुसली नाही, तशीच फडताळात ठेवली.

७ मे
पौर्णिमाचा मेसेज. "मम्मी तुला वाटेल ते कर. मी कुठूनही परीक्षा देईन. पण वाचून कर." खाली तिनं हसरं तोंड टाकलंय. मग दहा मिनिटांनी, "पण नको करू ना." मग तो पुसून टाकलेला. मी आधीच वाचला होता.

८ मे
सभा. हे लिहिते आहे ते ग्रामपंचायतीत बसूनच, मांडीवर डायरी. पहिल्यांदाच घराबाहेर आणली.

अकरा माणसं आलीत. दादाराव आहेत. राजव्वा अन् गंगाबाई आल्यात, मालकांना घरी ठेवून. ह्यांनी मिलवर खाडा केला, सासूबाईंना सायकलवर बसवून आणलं. मागच्या भिंतीशी बसलेत दोघं. सासूबाई सारखं विचारतात, शोभा कुठं बसली? त्यांना इथून दिसत नाही.

भाऊसाहेबांनी बुक उघडलं, दोन पानं सोडून खाली बोट ठेवलं. "ताई, हजेरीची सही." सवयीनं माझा हात गेला पण. पेन टेकलं होतं.

मी पेन उचललं. म्हटलं, "आधी लिहा. मग वाचून दाखवा. मग सही."

"ताई, लई वेळ लागंल."

"लागू द्या."

बालाजीराव माझ्याकडं बघत राहिले, मग बाहेर बघायला लागले. "एकमताने" नका लिहू, मी म्हटलं, जेवढे हात तेवढेच लिहा. भाऊसाहेबांनी ह्यांच्याकडं बघितलं, नवऱ्यानं काहीतरी बोलावं म्हणून. ह्यांनी मान डोलावली. "ती म्हणते तसं लिहा."

म्हणून आता भाऊसाहेब लिहून राहिलेत. पहिल्यांदाच असं सगळ्यांसमोर लिहितात, त्यामुळं अक्षर नेहमीपेक्षा हळू. त्यांचं लिहून होईपर्यंत मी हे लिहिते. पलीकडच्या बाजूनं वारा येतोय, गरम. बाहेर टँकर नाही, आज त्याची पाळी नाही. कुणी उठून जाणार नाही.

पेन माझ्याच हातात आहे.

सासूबाईंनी परत विचारलं, "झालं का गं?" हे म्हणाले, "न्हाई अजून, माय. लिहून राहिले."

भाऊसाहेबांनी खाली रेघ मारली. चष्मा पुसतायत. आता वाचतील.